अंबिलीच्या गंजातलं मटण

सिंदी मेघे, वर्धा
शुक्रवार, दुपार

तीर्थरूप तानबामामांना ज्ञानेश्वरचा वाकून नमस्कार.

आधी ताजी बातमी. काल दुपारी सव्वा वाजता आईनं डाळ-मटणाच्या रश्शाचे चार घोट घेतले. बातमी पक्की आहे. शेजारच्या शकुंतलाबाईंनी खिडकीतून स्वतः पाहून दिली आहे. मी त्या वेळी घरात नव्हतो (का नव्हतो ते पुढे येईलच). अनुसयामामींचा गुडघा आता कसा आहे? निकेशनं तुमच्या ढाब्याचा गल्ला सांभाळायला घेतला आणि तुम्ही फक्त खाटेवर बसून फोडणीच्या वासावरून चुका काढता, असं ऐकतो. ऐकून बरं वाटलं. नऊ वर्षांत भाच्यानं पत्र लिहिलं नाही आणि लिहिलं ते रश्शाबद्दल, म्हणून रागावू नका. फोन मी तीनदा केला. तिन्ही वेळा तुम्ही कापला की तुमच्या हातून कापला गेला, हे मला ठरवता आलेलं नाही. म्हणून प्रेमदास आज भाजीचा टेम्पो घेऊन तुमच्या कारंज्याला निघाला आहे, त्याच्याजवळ हे पत्र देतो आहे. सोबत एक डबाही आहे. डब्याचं झाकण पत्र पूर्ण वाचल्याशिवाय उघडू नका.

तुम्हाला कळलं असेल किंवा नसेल, आईला न्यूमोनिया झाला होता. आठ दिवस दवाखान्यात होती. आता घरी येऊन पंधरा दिवस झाले, खोकला गेला, ताप गेला, पण त्यांच्याबरोबर भूकही गेली. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, संध्याकाळी चहा आणि दीड बिस्किट (अर्धं ती उशाखाली ठेवते आणि मुंग्या येतात). वजन चौतीस किलो. डॉक्टर म्हणाले, सोमवारी अकरा वाजता पुन्हा काट्यावर उभी करा. याच्याखाली गेलं तर परत भरती करून सलाईन लावावं लागेल. आई म्हणते, "मी आता दवाखान्यात जात नाई. न्याचंच असन तं उचलून नेजा, पण मंग वापस आनू नोका." ती हे अगदी शांतपणे म्हणते, मामा, त्यामुळे मला रात्रंदिवस घाबरायला होतं. तुमची भाचेसून उज्वला घरी असती तर तिनं काहीतरी केलं असतं, पण ती महिनाभर नागपूरला आमच्या लेकीच्या, अंकिताच्या बाळंतपणात अडकली आहे, रविवारी संध्याकाळी येईल. घरात आई, मी आणि मुंग्या.

मंगळवारी मी आईच्या पायाशी बसून विचारलं, तुला काय खावंसं वाटतं ते एक नाव सांग. मऊ भात? नाही. मुगाचं कढण? तोंड फिरवलं. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "डाळीतलं मटन असतं नं. पातळ. वाटीनं प्याचं." एवढंच. ते कोण करत होतं हे ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. आपल्या नात्यागोत्यात ते फक्त एक माणूस करायचा, आणि निकेशच्या साखरपुड्यापासून आमच्या घरात त्या माणसाचं नाव निघत नाही. (मला तेव्हा एवढंच सांगण्यात आलं होतं की मानपानावरून बिनसलं. मीही पुरुषमाणसासारखा जास्त खोलात गेलो नाही.) बरं, वेळही थोडा. येत्या बुधवारी आखाडी अमावास्या, मग श्रावण. आई एकदा मटण सोडते ती पोळा होईपर्यंत शिवत नाही, चौतीस किलो असो की चौदा. म्हणजे जे काही पोटात जायचं ते याच आठवड्यात.

मी ठरवलं की आपणच करू. लहानपणी रोहण्याच्या वावरात तुमच्या चुलीजवळ बसून मी ते वीस-पंचवीस वेळा पाहिलेलं आहे. मटण खाटकाकडून आणलं (तिथे मी फक्त "म्हातारीसाठी पाहिजे" एवढं म्हणालो, तर रांगेतल्या सहाही जणांनी आपापल्या म्हाताऱ्यांचे आजार सांगितले आणि नळी घ्या, खूर घ्या, काळीज घ्या असा सल्ला दिला, मी सगळंच घेतलं). चूल मागच्या अंगणात मांडली. उज्वला नागपूरला असली तरी तिचा ओटा इथेच आहे, आणि त्या ओट्यावर मटण चढवण्याची माझी छाती नाही. राहिलं भांडं. मला एवढं नक्की माहीत होतं की आपल्या घरी मटणाचा एक वेगळा पितळी गंज आहे, जो बाकीच्या भांड्यांत कधी मिसळत नाहीत. माळ्यावर चढलो. एका कोपऱ्यात, सगळ्यांपासून दूर, जुन्या धोतरात बांधलेला, चाळीस माणसांचा पितळी गंज दिसला. एवढा वाळीत टाकलेला गंज दुसरा कशाचा असणार? मी तो खाली उतरवला.

पाऊस होताच. माझ्या दुकानातल्या बियाण्यांच्या पोत्यांवरची ताडपत्री चुलीवर बांधली, तर धूर बाहेर जाईना. जळणाला आणलेली पऱ्हाटी ओली. फुंकून फुंकून मला चक्कर आली तेव्हा कुंपणाच्या भिंतीवर शकुंतलाबाईंचं डोकं दिसलं. शकुंतलाबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, सतरा वर्षांत त्या मटणाला शिवलेल्या नाहीत, आणि मटणाबद्दल त्यांना जेवढं कळतं तेवढं मला दुकानातल्या बियाण्यांबद्दल कळत नाही. नाकाला पदर लावून त्या दोन तास भिंतीपलीकडे उभ्या राहिल्या. "हळद लावून ठुली काय? काऊन नाई ठुली? आता ठेव. कांदा लाल होऊ दे. अजून. अजून. माय, जाळला!" मी दुसरा कांदा चिरला.

डाळीपाशी माझा घात झाला. तुम्ही कधी मोजून डाळ टाकली नाही, मामा. तुम्ही गंजाकडे बघायचे, मग आभाळाकडे बघायचे आणि मूठ सोडायचे. मीही गंजाकडे बघितलं. चाळीस माणसांच्या गंजात दीड किलो मटण तळाशी हरवलेलं होतं. आभाळाकडे बघितलं, तिथे ताडपत्री होती. मी हरभऱ्याच्या डाळीची मूठ सोडली, काही दिसेना. तुरीच्या दोन सोडल्या. मसुरीच्या चार. तरी गंज रिकामाच दिसे, म्हणून मी मोजणं थांबवलं आणि पिशव्याच उलट्या केल्या. अर्ध्या तासानं डाळ फुगली. मी पाणी घातलं, ती आणखी फुगली. मी पाणी घालतो आहे आणि ती वर येते आहे, असा आमचा बराच वेळ गेला. तळाला लागल्याचा वास आला तेव्हा शकुंतलाबाईंनी पदराच्या आडून विचारलं, "मीठ टाकलं काय?" मला आठवेना. टाकलं. मग आठवलं की आधीही टाकलं होतं. त्यांनी सांगितलं, कणकेचा गोळा सोड, खारट ओढून घेईल. सोडला. तो अजून सापडलेला नाही. तुमच्या डब्यात आला असला तर माफ करा. खोबरं, खसखस, दगडफूल सगळं भाजून वाटलं होतं, पण तुम्ही शेवटी चिमटीनं जे काहीतरी टाकायचे आणि हात झटकायचे, ते काय होतं ते मला शेवटपर्यंत आठवलं नाही. मी नुसता हात झटकला.

साडेबाराला रस्सा झाला म्हणण्यासारखा झाला. वाटी भरून वळतो तर मागच्या दारात आई. भिंत धरत धरत, एकटी, पंधरा दिवसांत पहिल्यांदा पलंगावरून उठून आलेली. मला वाटलं वासानं आली. ती माझ्याकडे बघतच नव्हती, माझ्या वाटीकडेही नाही. ती गंजाकडे बघत होती.

"हा कोनं काढला?"

"मी. मटणाचा गंज."

"मटनाचा? ग्याना, हा महालक्ष्म्यांच्या अंबिलीचा हाय!"

मामा, भिंतीपलीकडे शकुंतलाबाईंचं डोकं खाली गेलं, ते दहा मिनिटं वर आलं नाही. मी काय करणार होतो? देवाच्या नैवेद्याचं भांडं आणि मटणाचं भांडं, दोन्ही आपल्या घरात सारखीच सगळ्यांपासून दूर, सारखीच फडक्यात बांधून ठेवतात. त्यावर कुणी काही खूण करत नाही, कारण बायकांना माहीत असतं. मी माळ्यावरचा एकुलता एक वेगळा गंज काढला. मी आईला म्हणालो, मग मटणाचा गंज गेला कुठे?

तिनं दाराची चौकट धरली. "तानबानं नेला. निकेशच्या साखरपुड्याले. एक दिवसासाठी नेतो म्हने. नऊ वर्सं झाले."

नऊ वर्षांत तिच्या तोंडून तुमचं नाव निघालेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मग बाकीचंही तिनं सांगितलं. पंधरा दिवस वाट पाहून तिनं गंजाचा निरोप पाठवला, तेव्हा तुम्ही चार माणसांत म्हणालात, बाईला भावापेक्षा भांडं प्यारं. त्यावर हिनं उलट निरोप धाडला की आता गंज घेतल्याशिवाय दारात येजो नोको. (म्हणजे मानपानाचं काही नव्हतंच. भांड्याचं होतं.) एवढं सांगून ती पलंगावर जाऊन बसली. मी वाटी तिच्याजवळ ठेवली आणि छत्री घेऊन पळालो. तसलाच दुसरा गंज मिळतो का, हे बघायला वर्ध्याच्या भांडेबाजारात गेलो होतो. महालक्ष्म्या दीड महिन्यावर आल्या आहेत आणि उज्वला रविवारी येते आहे. माझी मनःस्थिती समजून घ्या. दुकानदार म्हणाला एवढ्या जाड पत्र्याचा आता कुणी घडवत नाही. मी परत आलो तेव्हा शकुंतलाबाईंनी चार घोटांची बातमी दिली, आणि वाटी खरोखरच रिकामी होती.

तर मामा, विनंती इतकीच की सोबतच्या डब्यातला रस्सा (आज सकाळी पुन्हा उकळला आहे) चाखून बघा, काय चुकलं ते सांगा, आणि ते चिमटीनं टाकायचं काय ते प्रेमदासजवळ लिहून द्या. म्हणजे रविवारी मी पुन्हा करीन. मामींना नमस्कार, निकेशला आशीर्वाद.

तुमचा,
ज्ञानेश्वर

ता. क. चिमटीचं राहू द्या. लिहून दिलं तरी मला जमणार नाही. खरी गोष्ट अशी की तो गंज घेऊन तुम्हीच रविवारी या. गंज नसेल तर आई दार उघडू देणार नाही, म्हणून गंज आठवणीनं आणा. कल्हई गेली असली तरी चालेल. माझं नाव सांगू नका. तुम्हाला आपोआप सुचलं असं दाखवा.

आणखी ता. क. पत्र गुप्त राहिलेलं नाही. शकुंतलाबाईंनी सांगितल्यामुळे आईनं ते माझ्याकडून पूर्ण वाचून घेतलं, आणि दोन दुरुस्त्या करायला लावल्या आहेत. पहिली: चार घोटांची बातमी मागे घ्यावी लागते. ती म्हणते, "एक घोट घेतला. बाकी मांजरीले देल्ला. तिनंबी अर्धा ठुला." म्हणजे परिस्थिती मी वर लिहिली त्याहून वाईट आहे. तुम्ही डबा उघडू नका.

दुसरी दुरुस्ती तिच्याच शब्दांत लिहितो, कारण तिनं दोनदा वाचून घेतली आहे: "त्याले म्हना, गंज नोको. आता ह्याच्यात मटन शिजलं, हा झाला मटनाचा. अंबिलीले मी नवा घेईन. मले त्याच्या गंजाचं काई काम नाई. रिकाम्या हातानं येजो म्हना." उज्वलाला हे सगळं कोण सांगणार, असं मी विचारलं. आई म्हणाली, तानबा सांगन.

तेव्हा रविवारी साडेदहाच्या गाडीला मी वर्ध्याच्या स्टँडवर उभा राहीन. आईनं नऊपासूनच ओसरीत खुर्ची टाकायला सांगितली आहे. पऱ्हाटी शकुंतलाबाईंनी आपल्या घरात वाळायला नेली आहे, आणि गंज मी घासून मागच्या अंगणात पालथा घातला आहे. या वेळी डाळीची मूठ तुम्ही सोडायची. सोमवारी अकरा वाजता काटा आहे.