रोजड्यांविरुद्ध मॅग्नम

देवास, २ डिसेंबर २०२४
हाटपिपल्याच्या शेतावरून सालदार बापूचा फोन. रोजड्यांनी, ज्यांना सरकारी कागदांत नीलगाय म्हणतात, हरभऱ्याचा एक कोपरा फस्त केला. शेत आमच्या सौ. राजाबाईंच्या माहेरचे. घरात त्याला माझ्या पेन्शनपेक्षा अधिक मान. रोजडे मारण्याची परवानगी हाती आहे, लायसन्स आहे, तीर्थरूपांची .३७५ मॅग्नम रायफल आहे. दर दसऱ्याला तिची पूजा मी स्वहस्ते करतो; नळीच्या तोंडी हळद-कुंकू, अक्षता मीच वाहतो. इतर कोणास हात लावू देत नाही.
निश्चय: आठवड्यात निकाल. तत्पूर्वी दोन्ही पक्ष मांडणे आवश्यक. आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले ते उगाच नव्हे.

९ डिसेंबर
मॅग्नमच्या बाजूने: अचाट शक्ती, लांब पल्ला, एका गोळीत निर्णय.
विरुद्ध: धक्का जबर, वजन जबर. शिवाय गोळी रोजड्यातून आरपार जाऊन पुढच्या गावातील एखाद्या निरपराधाची विचारपूस करू शकते.
दुसरा कोपरा गेला. पण घाईने घेतलेला निर्णय हा निर्णय नव्हेच.

१८ डिसेंबर
मेहुणे फत्तेसिंग धारहून आले. त्यांच्याकडे साधी .३१५ रायफल. म्हणाले, “दाजी, रोजडा मारायचाय की रणगाडा?” उपहास हा युक्तिवाद नव्हे, हे मी शांतपणे दाखवून दिले. “बरं, मग चला, आज रात्रीच बसू,” म्हणाले. धुके होते. धुक्यात प्रत्यक्ष प्रमाण बाधित होते, म्हणून गेलो नाही.
राजाबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “आपला वाद आटोपेल, तेव्हा रोजड्यांचं जेवणही आटोपलेलं असेल.”

४ जानेवारी २०२५
धक्क्याचा अभ्यास. खांद्याला टॉवेल, पाठीशी उशी; आरशापुढे रिकाम्या रायफलीने सराव. पवित्रा निर्दोष. गोळी आत चढवायचा बोल्ट मात्र हलत नाही. थंडीमुळे असावे.

११ जानेवारी
बापूचा फोन: “साब, अब तो रोजड़े हमें देखकर उठते भी नहीं.”
राजाबाईंनी जुन्या साड्या बाहेर काढल्या; शेताभोवती बांधणार. मी हसलो नाही. एवढेच विचारले, की साडी पाहून रोजड्याने नेमके कोणते अनुमान काढावे?
“त्याला अनुमान काढता येत नाही, म्हणून तर पळतो,” म्हणाल्या.

२४ जानेवारी
सिद्धान्त: मॅग्नमच. धक्क्याचा आक्षेप टॉवेलने, निरपराधाचा आक्षेप शेतामागच्या टेकडीने खोडला. उद्या प्रयोग. फत्तेसिंगांना साक्षीस बोलावले आहे; राजाबाईही येणार.

२५ जानेवारी, सायंकाळ, शेतावर
बोल्ट इथेही हलेना. फत्तेसिंगांनी तेल सोडून तो कसाबसा काढला, सवयीने नळी उजेडाकडे धरली. म्हणाले, “दाजी, पलीकडचं काही दिसतच नाही.”
सळई घातली. आधी हळद निघाली. मग कुंकू. मग दगडासारखी अक्षतांची गुठळी. शेवटी झेंडूच्या पाकळ्या आणि बरेचसे गंजलेले काहीतरी. माझी सर्व दसऱ्यांची पूजा.
“झाडली असती तर नळी फुटली असती, आणि आपण...” फत्तेसिंगांनी वाक्य पुरे केले नाही. प्रथमच त्यांनी थट्टाही केली नाही. राजाबाई बांधावर बसल्या. माझ्या शालीचे टोक मुठीत धरून होत्या. मग म्हणाल्या, “घरी चला.”
नोंद असावी, की विलंब हाच योग्य मार्ग होता, असे माझे प्रथमपासूनचे मत.

१६ फेब्रुवारी
अर्धा हरभरा वाचला. साड्यांनी. फत्तेसिंगांच्या मते रोजडे राजाबाईंच्या लग्नातल्या शालूला विशेष दबकून आहेत. यात रोजड्यांचे काही चुकत नाही.
मॅग्नम कपाटात परतली. राजाबाईंनी तिच्या नळीला बूच बसवले, किल्ली कमरेला खोचली. म्हणाल्या, “यंदा दसऱ्याला पूजा मी करीन. आपण घंटा वाजवा.”
त्या स्वयंपाकघरात गेल्यावर देवघरातली घंटा उचलून पाहिली. वजन बेताचे. धक्का नाही. पल्ला तपासावा लागेल.