झिपऱ्याची हनुवटी

बाबा,

तुमचा डोळा लागला होता, म्हणून न सांगताच कामावर निघालेय. आपल्या झिपऱ्याचे डोळ्यांवर आलेले कुरळे केस मी कापलेत. कुत्रोबा खिडकीतल्या उन्हात माझ्या मांडीवर पेंगत होता. कापलेले झुपके फरशीवर ढगांसारखे सरकत होते, तेच बघत बसले आणि झाडायचं राहिलं. चिडू नका.

कान मी संध्याकाळी करेन. हनुवटी मात्र तुमच्यासाठी ठेवलीये. परवा तुमच्या हातातून कात्री हिसकावून घेतली, ते चुकलंच माझं. काल दारातून बघितलं, त्याने हनुवटी तुमच्या तळहातावर टेकवली होती आणि तुमचा हात जराही थरथरत नव्हता.

बोथट टोकाची कात्री तुमच्या खणात परत ठेवलीये.