लहानूने लावलेली धार

मी, कवडू सीताराम अतकर, वय ७४ वर्षे, धंदा केशकर्तन व वस्तऱ्यांना धार लावणे, राहणार लकडगंज, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी माझा हात धरलेला नाही. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, तरी खालील मजकूर मी स्वतः वाचला आहे. वकील प्रेमिलाताईंचे म्हणणे पडले की मृत्युपत्रात एवढ्या गोष्टी लिहायच्या नसतात. मी म्हणालो, फी मी देतो आहे, तर लिहू द्या.

कलम १. माझी पत्नी मीराबाई सहा वर्षांपूर्वी वारली. आम्हाला एकच अपत्य, मुलगी रितिका. ती मिहानमधल्या कारखान्यात विमानाचे सुटे भाग तपासण्याच्या कामावर आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. ती माझ्यासारखी तापट आहे, पण माझ्यापेक्षा लवकर शांत होते.

कलम २. राहते घर, बँकेत असेल ती शिल्लक आणि घरातील सर्व सामान रितिकाला मिळावे. जिन्याची तिसरी पायरी हलते, ती आधी बसवून घ्यावी. मीराबाईची शिवणयंत्राची पेटी मी गेल्यावरही विकू नये, एवढी विनंती आहे.

कलम ३. डिजिटल मायक्रोस्कोप रितिकाने मला दिला होता, तो तिचा तिने परत घ्यावा. मात्र त्याने काय केले ते लिहिणे भाग आहे.

आता सलूनमध्ये कोणी धार लावायचा वस्तरा वापरत नाही, अर्धी ब्लेड घालतात आणि फेकतात. पण पुणे, बंगलोरकडचे शौकीन लोक जुने वस्तरे कुरिअरने माझ्याकडे धारेसाठी पाठवतात. दोन वर्षांपूर्वी एकाने वस्तरा परत पाठवला, गालाला टोचतो म्हणून. मी चार दिवस जेवलो नाही. रितिकाने हे यंत्र आणले, वस्तऱ्याची धार त्याच्याखाली धरली आणि लॅपटॉपवर दाखवली. पन्नास वर्षे मी नखावर धार पाहत आलो, मला वाटत होते रेघ सरळ आहे. पडद्यावर ती उंदराने कुरतडलेल्या पोळीच्या कडेसारखी दिसली.

मी दगडाला दोष दिला, पाण्याला दिला, लोखंडाला दिला, मग डोळ्याच्या डॉक्टरलाही दिला. रितिका म्हणाली, "बाबा, एकेका कामानंतर एकेक फोटो काढून पाहा. आमच्याकडं चूक अशीच पकडतात." तसे केले. दगडावरून उतरलेली धार सरळ, स्वच्छ होती. त्यानंतर धार गुळगुळीत करायला चामड्याच्या पट्ट्यावर दहा हात मारले की तीच धार जागोजाग तुटलेली दिसायची. मग मी पट्टाच यंत्राखाली ठेवला. चामड्यात रुतून बसलेले लाल कण चमकत होते. ते कुंकू होते.

कलम ४. सदर पट्टा माझ्या वडिलांचा. दसऱ्याला हत्यारांची पूजा करताना वडील त्यावर तेलात कालवलेल्या कुंकवाचे स्वस्तिक काढत आणि वर पाच बोटे उमटवत. त्यांच्यानंतर मी चुकू दिले नाही. दुसऱ्या दिवशी फडक्याने पुसायचे आणि कामाला लागायचे. कुंकू धुऊन काढणे मला पाप वाटे. बाजारच्या कुंकवात दगडाची भुकटी असते हे मला ठाऊक नव्हते. खरे लिहायचे तर मला एकदा सांगितले गेले होते. माझा धाकटा भाऊ लहानू एका दसऱ्याला म्हणाला होता, "दादा, पट्ट्यावर कुंकू नको लावत जाऊ गा. वस्तऱ्याले कचकच लागते." मी सर्वांसमोर त्याच्या अंगावर धावून गेलो. म्हणालो, "देवाच्या कुंकवाले कचरा म्हणतं काय?"

तो पट्टा कोणाला वापरायला देऊ नये. माझ्यासोबत जाळूही नये. रितिकाने दसऱ्याला त्याच्यापुढे फूल ठेवावे, ते पुरे.

कलम ५. दुकानाची वाटणी लिहिण्याआधी माझा गुन्हा लिहितो.

दुकान आम्हा दोघा भावांचे होते. लहानू मागे बसून दगडावर धार लावायचा, मी पुढे पट्ट्यावर हात मारून दाढी करायचो. लाकडाचे व्यापारी आनंदराव आमचे जुने गिऱ्हाईक. चोवीस वर्षांपूर्वी, दसऱ्यानंतरच्या लग्नसराईत, मुलाच्या लग्नाच्या सकाळी ते दाढीला बसले आणि त्यांच्या गळ्यावर तीन ठिकाणी रक्त आले. ते चिघळले. मुलाच्या लग्नाच्या फोटोत ते उपरणे गुंडाळून उभे आहेत. बाजारात बभ्रा झाला. मी समाजाच्या सभेत उभा राहिलो आणि सांगितले की माझा हात नेहमीचाच आहे, लहानूची धार गेली आहे, त्याचे लक्ष कामात नसते. लहानू शेवटच्या रांगेत बसला होता. तो उठला नाही, एवढेच म्हणाला, "दादा, मी लावलेली धार पट्ट्यावर नेण्याआधी पायली काय तुनं?" दुसऱ्या दिवशी मी त्याच्या हातातून धारेचा दगड काढून घेतला.

ज्याच्या भावानेच सभेत असे सांगितले त्याला नागपुरात कोण खुर्ची देणार? लहानूने वर्षभर दुकाने धुंडाळली, मग हिंगण्याच्या एका कारखान्यात कामाला लागला. तिथे प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. ती बोटे धार लावणाऱ्याची होती. मी दवाखान्यात भेटायला गेलो नाही. त्याची मुलगी मयुरा हिच्या लग्नाची पत्रिका माझ्या घरी आली, तीही मी उघडली नाही. मीराबाई एकटी गेली आणि आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

हे सर्व मी केले. यात दुसऱ्या कोणाचा हात नाही.

कलम ६. त्या आठवड्यात लहानूने धार लावून ठेवलेला एक वस्तरा पट्ट्यावर यायचा राहिला होता. पुढेमागे वाद झालाच तर त्याच्या चुकीचा पुरावा म्हणून मी तो डब्यात घालून ठेवला. मीराबाई दरवर्षी त्याला खोबरेल लावायची. मी विचारले होते, काहून लावते? ती म्हणाली, "राहू द्या. कधीतरी कोणी पाहीन."

गेल्या आषाढात मी तो यंत्राखाली ठेवला. पात्याच्या पाठीला गंजाचे दोन ठिपके होते. धार टोकापासून टोकापर्यंत एक होती. मी पन्नास वर्षांत तशी लावलेली नाही. मी त्या पडद्यासमोर बसून रडलो, हे रितिकाला ठाऊक आहे, तिनेच दुकानाचे शटर ओढून घेतले. तो वस्तरा मयुराला द्यावा. त्याचा फोटो मोठा करून समाजाच्या कार्यालयात लावावा आणि खाली लिहावे की ही धार लहानू अतकर यांची, आणि त्यांच्यावर केलेला आरोप कवडू अतकर मागे घेत आहे.

कलम ७. दुकानाचा अर्धा भाग लहानू यास, अर्धा रितिकास. धारेचा दगड लहानूचा आहे, मी तो देत नाही, परत करतो. लहानूने अर्धा भाग घेण्यास नकार दिल्यास किंवा त्यास तो घेता न आल्यास तो मयुराकडे जावा.

पुरवणी (माझ्या हस्ताक्षरात, सही करण्याच्या दिवशी लिहिलेली).

वरील मजकूर टाईप होऊन आला तेव्हा रितिकाने वाचला आणि विचारले, "बाबा, माफी मेल्यावर मागणार काय?" खरे तर माझा बेत तोच होता. माझ्यात तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. आज सकाळी ती हिंगण्याला गेली आणि लहानूला स्कूटरवर मागे बसवून दुकानात घेऊन आली. तो म्हातारा झाला आहे. मी ओळखले ते चालीवरून.

प्रेमिलाताईंनी कलम ३ ते ७ त्याला वाचून दाखवली. मी त्याला पडद्यावर त्याची धार दाखवली. त्याने ती टोकापासून टोकापर्यंत पाहिली आणि तो म्हणाला, "बरी हाय." मी म्हणालो, "लहानू, माझी चूक झाली. मले माफ कर." तो म्हणाला, "तवा एक खेप पट्टा धुऊन पायला असता तुनं." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपे गेले असते.

धारेच्या दगडावर त्याने डावा हात फिरवला आणि दगड होता तिथेच राहू दिला. मग प्रेमिलाताईंना विचारले, "साक्षीदार किती लागते?" त्या म्हणाल्या दोन, शेजारचे सायकलवाले सौरव मेश्राम आले आहेत, दुसरे यायचे आहेत. लहानू म्हणाला, "मंग मी करतो सही." त्यांनी समजावले की ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीला सही करू नये, पुढे वाद होतो, त्याचा हक्क जातो. लहानू म्हणाला, "मंग मले काही भेटून नाही राहिलं असं समजा. यानं हे कबूल केलं, ते म्या पायलं. तेवढी सही मले करू द्या." त्यामुळे त्याचा भाग कलम ७ प्रमाणे मयुराकडे जाईल.

साक्षीदार लिहून देणाऱ्याला किती वर्षे ओळखतो, ते प्रेमिलाताईंच्या कागदावर लिहायचे असते. लहानूने डाव्या हाताने आकडा काढला. प्रेमिलाताई म्हणाल्या, "काका, तुमचे वय अडुसष्ट, तुम्ही सख्खे भाऊ. आकडा चुकला." तो म्हणाला, "मी चव्वेचाळीस वर्षं वळखत होतो. त्याच्या नंतरचा माणूस मले नाही माईत."

मी प्रेमिलाताईंना सांगितले की आकडा बरोबर आहे, तो खोडू नये.

लिहून देणार: कवडू सीताराम अतकर (सही)

आम्हा दोघांसमक्ष लिहून देणाऱ्याने सही केली आणि त्याच्यासमक्ष आम्ही केली.

साक्षीदार १: सौरव मेश्राम, वय ३९ वर्षे, राहणार लकडगंज, नागपूर. लिहून देणाऱ्यास १५ वर्षांपासून ओळखतो. (सही)

साक्षीदार २: लहानू सीताराम अतकर, वय ६८ वर्षे, राहणार हिंगणा. लिहून देणाऱ्यास ४४ वर्षे ओळखत होतो. (सही, डाव्या हाताची)

ठिकाण: नागपूर
दिनांक: १९ डिसेंबर २०२५