मालकाची जीभ

१२ जून १९७१

चि. सौ. चिमणीस,

अ. आ. तू, मास्तर आणि घरची मंडळी खुशाल असाल. नसाल तर ताबडतोब व्हा.

तू गेल्यापासून घर सुनं झालंय असं मी मुळीच लिहिणार नाही, कारण जाताना तू माझी छत्री पळवलीस.

कारखान्याचं बरं चाललंय म्हणायचं. मोठ्या कंपनीची धुण्याची भुकटी रंगीत पाकिटात आली आहे आणि दुकानदार आपल्या वड्या मागच्या फळीवर सारतात. मी मनावर घेत नाही. बाबांनी अंगणात एका कढईवर साबणाचा धंदा मांडला तेव्हाही बाजार विलायती साबणाने भरलेला होताच की. बाबा दारोदार जाऊन लोकांच्या सदऱ्याची कॉलर त्यांच्यादेखत धुऊन दाखवायचे. आणि प्रत्येक कढईला स्वतः जीभ लावायचे. साबण जिभेला चावला, म्हणजे कॉस्टिकचा खार शिल्लक आहे, परत आचेवर. नोकराची जीभ त्यांना चालायची नाही. नाव मालकाचं तर जीभही मालकाचीच हवी, हा त्यांचा नियम. बाजार आपल्याला साबणचाटे म्हणतो ते त्यामुळेच, आणि माल घेतो तोही त्यामुळेच. तो नियम मी अजून मोडलेला नाही.

तुझ्या वहिनीचा हात मात्र पार गेला. भाजीला ना मीठ ना तिखट. बोललो तर डोळ्यांना पदर लावते. तू तिला दोन शब्द लिही.

मास्तरांना नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे, छत्री परत पाठव.

तुझा,
दादा


२० जून १९७१

ती. दादास,

सा. न. वि. वि. आणि नमस्कार संपला की लगेच भांडण.

छत्री माझीच होती. पण ते जाऊ दे. वहिनीला उगाच बोल लावू नकोस. मी तुझ्याकडे राहिले तेव्हा तिची भाजी इतकी खारट होती की पाण्याच्या घोटाबरोबर मी घास गिळत होते, आणि तू वरून आणखी मीठ घेत होतास. मी तिला विचारलं. तेव्हा म्हणाली की तुला अळणी लागतं म्हणून ती मीठ वाढवत गेली, आणि स्वतःपुरतं आधीच बाजूला काढून जेवते. तुला सांगायची तिला भीती वाटते. मला नाही वाटत. दादा, वहिनीचा हात गेलेला नाही, तुझी जीभ गेली आहे. जन्मभर खार चाटल्यावर दुसरं काय होणार?

जेवणाचं एक वेळ सोड. पण त्याच जिभेवर भरवसा ठेवून तू माल बाहेर पाठवतोस, ते कसं सोडू? मास्तर म्हणाले, शाळेच्या प्रयोगशाळेत एक औषध असतं. साबणावर थेंब टाकायचा, गडद गुलाबी झाला की खार शिल्लक आहे. बाटली पाठवते आहे. बाटली नको असेल तर मी येते. लहानपणी बाबा आपल्या दोघांनाही कढईपाशी उभं करायचे. माझी जीभ जास्त तिखट आहे म्हणाले तेव्हा तू रुसून बसला होतास. आता रुसू नकोस. उत्तर लगेच लिही.

लोभ वाढवला नाहीस तरी चालेल, एवढं ऐक.

तुझी,
चिमणी


२ जुलै १९७१

चि. सौ. चिमणीस,

आशीर्वाद आहेतच.

बाटली पोचली. कपाटात ठेवली आहे. बाबांच्या कारखान्यात औषधाचे थेंब मोजायची वेळ माझ्यावर आलेली नाही. आणि सासरी गेलेली बहीण येऊन कढया चाटते आहे हे बाजाराने पाहिलं तर लोक काय म्हणतील, याचा जरा विचार कर. तुझी काळजी कळते, पण डोक्यावर बसू नकोस.

तुला दाखला हवाय ना? काल मी कढईला जीभ लावली, एकदा सोडून दोनदा लावली. जराही चावलं नाही. खार राहिला असता तर चावल्याशिवाय राहिला असता का? उलट गेले काही महिने कढया लवकर शिजताहेत. पूर्वी दुपार उलटायची, आता सकाळीच उतरवतो, लाकूडही कमी लागतं. भट्टीवरची माणसं कुरकुरतात, पण त्यांना कुरकुरायला काहीही पुरतं.

त्याच कढईतली पहिली पेटी तुला पाठवली आहे. वापर आणि मग बोल. आता हा विषय बंद.

वहिनी आठवण काढते. राग आला असेल तर गिळून टाक.

तुझा,
दादा


११ जुलै १९७१

ती. दादास,

सा. न. पुढचं नेहमीचं काही लिहायला सुचत नाही.

पेटी आली. मी वडीला जीभ लावली. चटका बसला. जिभेचं टोक पांढरं पडलंय, सकाळपासून पाणीसुद्धा जात नाही. मास्तरांनी थेंब टाकला तर गडद गुलाबी. ते अंथरुणाला खिळलेत, ताप उतरत नाही, नाहीतर मी पत्राऐवजी स्वतःच आले असते. दादा, तुझ्या पाया पडते, तो माल परत आण. धंदा राहो की जावो, कुणाची कातडी जायला नको.

चिमणी


३ ऑगस्ट १९७१

चि. सौ. चिमणीस,

आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी देतो. मास्तरांचा ताप उतरल्याचं कळलं, हायसं वाटलं.

तुझं पत्र वाचलं आणि बाटली काढली. त्या वडीवर थेंब टाकला. मग त्याआधीच्या कढईच्या वडीवर, मग त्याच्याही आधीच्या. सगळ्यांचा तोच रंग. शेवटी कोठारात थेंब टाकायला वडी उरली नाही. हे केव्हापासून चाललंय ते मलाच माहीत नाही. कढया लवकर शिजत नव्हत्या, चिमणे. मीच कच्च्या उतरवत होतो.

दुकानादुकानात मी स्वतः गेलो, होता तेवढा माल उचलून आणला. दुकानदारांनी पेट्या काढून दिल्या, वर चहा विचारला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. भट्टी कायमची विझवली आहे. तू येऊन जीभ लावशील, बाटली वापरू म्हणशील. मलाही परवापर्यंत तसंच वाटत होतं.

परवा मी वसतिगृहाच्या मागे गेलो होतो. तिथे मुलांचे कपडे धुणाऱ्या एक बाई आहेत, बाबांच्या वेळेपासूनचं आपलं गिऱ्हाईक. त्यांच्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. सोडून दाखवल्या तर आत सगळं सोललेलं. थंडीपासून असं आहे म्हणाल्या. मी विचारलं, मग साबण का नाही बदललात. त्यावर म्हणाल्या की पाणी बदलून पाहिलं, तेल लावून पाहिलं, वयाचं असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या कुणाचा साबण असता तर पहिल्याच दिवशी फेकला असता, पण तुमचा साबण मालक स्वतः चाखून देतो, म्हणून त्यांनी हातांवर संशय घेतला, साबणावर नाही. आणि वडी संपत आलीय, नवी कधी देता, असंही त्यांनीच विचारलं.

मी म्हटलं, बाजारात मिळेल तो कुठलाही घ्या, आमचा घेऊ नका. त्या हसायला लागल्या. त्यांना मी थट्टा करतोय असं वाटलं. मला ते परत परत सांगावं लागलं.

उरलीसुरली माया असेल ती असू दे.

तुझा,
दादा