साहेबांसमोर झाकण आपटलं

प्रिय टाचणी,

बाबांचा पाय कसा आहे? काठी घेऊन चालू लागले की आधी मला कळव. आणि तुला धड जेवायला वेळ मिळतो का, तेही खरं खरं सांग. इकडची बातमी एकच. आपण जिंकलो! पाण्याच्या पाइपातली गळती शोधणारा आपला प्रोग्राम अखेर शेवटपर्यंत चालला.

आठवतं ना, झाकण मिटू नये म्हणून तू लॅपटॉपमध्ये लाकडी पट्टी अडकवायचीस? प्रोग्राम चालायचा लांबच्या मोठ्या मशीनवर, आणि झाकण मिटून त्याच्याशी जोडणी तुटली की तो मरायचा, म्हणून उघडा लॅपटॉप तान्ह्या बाळासारखा कवेत घेऊन आपण बसमध्ये चढायचो. तरी साहेबांनी टेबल आवरायच्या नादात झाकण मिटलंच आणि सगळं गणित वाया गेलं. बोलणी मात्र तू खाल्लीस. पुढे बाबा पडले आणि तू राजीनामा देऊन घरी गेलीस.

जाताना ते टीमक्स नावाचं सॉफ्टवेअर वापरून बघ म्हणाली होतीस, मी नाक मुरडलं होतं. मग हट्टाला पेटून शिकले. त्यात सुरू केलेलं काम, म्हणजे सेशन, त्या मोठ्या मशीनवरच चालू राहतं, आपण इथला लॅपटॉप मिटून खुशाल चहाला जावं. परवा साहेब म्हणाले, आणखी एकदा बंद पडलं तर प्रकल्पच गुंडाळतो. मी त्यांच्यादेखत झाकण धाडकन आपटलं. किंचाळले गं ते! मी शेजारच्या कॉम्प्युटरवरून पुन्हा जोडणी केली, एक ओळ टाइप केली, तर आकडे आपले निवांत पुढे सरकतायत. साहेबांचं तोंड बघायला तू हवी होतीस.

काल प्रोग्रामने दाखवलेल्या जागी, शाळेच्या भिंतीलगत, रस्ता खणला. पाण्याची चिळकांडी थेट साहेबांच्या चष्म्यावर! मी भर रस्त्यात नाचले. लाज गेली खड्ड्यात.

आता लिहिण्याचं खरं कारण. एकाच सेशनला दोघी दोन गावांतून जोडून घेऊ शकतो. मी टाइप केलेलं तुला तिथे दिसेल, तुझं मला इथे. साहेबांना हे दाखवलं आणि चष्मा ओला असतानाच होकार काढून घेतला. तुझा राजीनामा रद्द, काम बाबांच्या उशाशी बसून करायचं. पुढच्या गल्लीसाठी नवं सेशन उघडलंय, त्याला तुझंच नाव दिलंय. मी अजून एक अक्षरही टाइप केलेलं नाही. पहिली ओळ तू लिही, मी इथे स्क्रीनकडे बघत बसलेय.

तुझीच, पट्टी अजून जपून ठेवलेली
धांदरट