दाराची कडी काढ

पेनांग, रविवार

लास्मिनीताई,

मी ठणठणीत आहे. तू कशी आहेस? फोनवर ‘सगळं ठीक’ म्हणतेस आणि मागून आई ओरडते, ‘ही बाई कोण? हिला घालवा!’

आई माणसं विसरते, हे गल्लीपासून का लपवतेस? आपल्या क्लातेनमध्ये लग्न निघालं की न बोलावता घरोघरच्या बायका रांधायला हजर. आणि आईसाठी तू एकटी!

शेवटी शेजारच्या तुमिनीकाकूंना मीच फोन केला. फाडकन म्हणाल्या, ‘तुझी बहीण कडी घालून बसते, आम्ही शिरायचं कुठून? माझ्या लेकींच्या लग्नात तुझ्या आईनंच खोबरं किसलं होतं गं.’

शुक्रवारपासून रोज दुपारी काकू आईजवळ बसतील. कडी काढ. आणि त्यांच्यासाठी चहा करत बसलीस तर बघ! मुकाट्याने झोप.

तुझ्यावर चिडलेली,
वुर्यानी