चारच्या आकड्याजवळचा डाग

मंगळवार, संध्याकाळ

आजचं आजच लिहून ठेवते.

बाबांचं जुनं स्विस घड्याळ आज सदर बाजारातल्या घड्याळवाल्याकडून परत आणलं. त्यांच्या वाढदिवसासाठी मीच तबकडी नव्यानं रंगवून घेतली. चारजवळचा तपकिरी डाग गेला. कारागीर म्हणाला होता, "दीदी, पुराना डायल रहने दो, शौकीन लोग वही ढूँढते हैं." काहून नाही ऐकलं मी?

बाबांना आता नावं आठवत नाहीत. पण रोज चावी देताना काचेवरून त्या डागावर बोट ठेवायचे, "हे माझंच" म्हणायचे. आज बोट चारपाशी नुसतं फिरत राहिलं. मग घड्याळ माझ्या हातात दिलं.

"हे माझं नाही, बाई. माझ्या पोट्टीले बोलवा, माझ्या लेकीले. तिले माहीत आहे."

"बोलावते," म्हटलं अन् आत येऊन बसली.

आता बाहेर जाऊ ते कोण म्हणून?